पाण्यात धक्का लागत नाही

बीड जिल्ह्यात ट्रॅक्टरची किंवा जीपची बॅटरी उतरली, तर त्यावरचा उपाय शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतो. चार माणसं गोळा करायची, गाडी उताराच्या तोंडाला आणायची, दुसरा गियर टाकून क्लच दाबून धरायचा आणि मागून धक्का मारायचा. वेग आला की क्लच सोडायचा. चाकं इंजिनाला फिरवतात, इंजिन एकदा-दोनदा खोकतं, काळा धूर सोडतं आणि चालू होतं. बॅटरी मेली असली तरी गाडी घरी येते.

हीच वेळ पाण्यात आली तर? समजा, माजलगाव धरणाच्या फुगवट्यात, काठापासून अर्धा किलोमीटर आत, बोटीचं इंजिन बंद पडलंय. चावी फिरवली की फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. इथे उतार नाही, चाकं नाहीत आणि मागून जोर लावायला पायाखाली जमीन नाही. दुसऱ्या बोटीने ओढून नेलं, तरी पाण्यातला पंखा बंद इंजिनाला फिरवण्याइतका जोर देत नाही.

मराठीत ‘धक्का’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, मागून दिलेला रेटा. दुसरा, बोट लागते ती बांधलेली जागा. मुंबईचा भाऊचा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाने ओळखला जातो, तो या दुसऱ्या अर्थाने. ‘नांगर’ शब्दाचंही तसंच. शेतकऱ्याचा नांगर जमीन उलथतो, खलाशाचा नांगर बोट जागेवर धरून ठेवतो. बीड हा पिढ्यान्‌पिढ्या या शब्दांच्या पहिल्या अर्थांचा जिल्हा. कोरडवाहू शेती, बालाघाटचे डोंगर, ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या. दुसऱ्या अर्थांची गरज इथे वाढली ती गेल्या पन्नास वर्षांत. ती कशी वाढली आणि आपण तिच्यासाठी किती तयार झालो, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

नदी मधे आली की

गोदावरी ही बीडची उत्तर सीमा. गेवराई, माजलगाव आणि परळी हे तालुके तिच्या दक्षिण काठावर. पलीकडे जालना आणि परभणी. आज सोलापूर-धुळे महामार्गावरून गेवराईहून शहागडला जाताना पूल कधी आला आणि कधी संपला, हे मोबाइलमधून मान वर काढेपर्यंत कळतही नाही. पूल नव्हता तेव्हा नदी म्हणजे थांबा होता. आणि तो थांबा किती महागात पडू शकतो, हे गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनने दाखवून दिलं.

१० ऑगस्ट १७६३. पानिपतला अडीच वर्षं झालेली. त्याच वर्षी निजाम अलीच्या फौजेने पुणं लुटलं होतं. पावसाळा लागला तसा निजाम औरंगाबादकडे परतत होता आणि वाटेत गोदावरी होती. निजाम स्वतः फौजेचा एक भाग घेऊन उत्तर काठावर गेला. मागे, राक्षसभुवनच्या बाजूला, दिवाण विठ्ठल सुंदर मोठी फौज घेऊन थांबला. नागपूरचे जानोजी भोसले निजामाची साथ सोडून बाजूला झाले. नेमकी हीच वेळ साधून माधवराव पेशवे आणि राघोबादादा चालून आले. लढाईत राघोबादादा शत्रूच्या वेढ्यात सापडले आणि अवघ्या अठरा वर्षांच्या माधवरावांनी त्यांना सोडवलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. निजामाकडे माणसं होती, तोफा होत्या, पण त्या पलीकडच्या काठावर. मधे श्रावणातली भरलेली नदी. अर्धी फौज मारली जात असताना उरलेल्या अर्धीला येता आलं नाही.

या लढाईचं श्रेय माधवरावांच्या धडाडीला दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण आपल्या विषयासाठी तिच्यातली एक साधी गोष्ट लक्षात ठेवायची: ताकद असणं वेगळं आणि ती हव्या त्या जागी, हव्या त्या क्षणी पोचणं वेगळं. बॅटरीचा सगळा इतिहास याच एका फरकाभोवती फिरतो.

बांबू तळाला लागतो तोवर

त्या काळी नदी ओलांडायची साधनं माणसाच्या अंगातल्या बळावर चालत. मोठ्या वाटांवर ‘तर’ असायची, म्हणजे माणसं, जनावरं आणि सामान पलीकडे नेणारी नाव, आणि ती चालवणारा नावाडी. तर नसेल तिथे वाळलेले भोपळे किंवा लाकडं एकत्र बांधून केलेली सांगड. पुराच्या आणीबाणीत गुऱ्हाळावरची काहीलसुद्धा कामी यायची. ज्या लोखंडी कढईत उसाचा रस आटतो, तिच्यातच दोन माणसं बसून पलीकडे जायची.

या सगळ्या साधनांत एक साम्य होतं. नावाड्याच्या हातात लांब बांबू असे. तो तळाला टेकवायचा आणि रेटायचं. म्हणजे पाण्यातही धक्का मारता येत होता, कारण बांबूचं दुसरं टोक जमिनीला लागत होतं. गोदावरी इथे पसरट आहे. पूर ओसरला की तळ फार लांब नसतो. खोल पाण्यात वल्हं होतंच.

नावाड्याचे हात रात्रभर झोपले म्हणून ‘डाऊन’ होत नसत. उलट ताजेतवाने होत. ही तुलना पुढे उपयोगी पडणार आहे.

साठवलेली ताकद

‘बॅटरी’ हा शब्द मुळात तोफखान्याचा. ओळीने मांडलेल्या तोफा म्हणजे बॅटरी. राक्षसभुवनच्या लढाईच्या दहा-पंधरा वर्षं आधी अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या ओळीने जोडल्या आणि त्यांना हे नाव दिलं. मराठीने पुढे तो शब्द टॉर्चलाही लावला. रात्री शेतात जाताना आजही आपण ‘बॅटरी घे’ असंच म्हणतो.

रासायनिक क्रियेतून सतत वीज देणारी पहिली बॅटरी इटलीच्या व्होल्टाने १८०० साली बनवली. अडतीस वर्षांत ती पाण्यावर आली. १८३८ मध्ये मोरित्झ याकोबीने सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीत विजेवर चालणारी बोट डझनभर माणसांसह चालवून दाखवली. पण त्या बॅटऱ्यांत जस्त खर्ची पडायचं. संपलं की संपलं. पुन्हा भरता येईल अशी शिसं आणि गंधकाम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने १८५९ साली केली. तुमच्या ट्रॅक्टरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये आणि बहुतेक बोटींमध्ये आजही तिचीच नातवंडं आहेत. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात, ज्या मेळ्याच्या निमित्ताने विवेकानंदांनी भाषण केलं त्याच मेळ्यात, पन्नासहून अधिक विजेच्या बोटी कृत्रिम तळ्यांत लोकांना फिरवत होत्या. दिवसभर फिरायचं, रात्री चार्ज करायचं. आपल्या फोनचाच दिनक्रम.

पण इंधनाच्या इंजिनाने बाजी मारली आणि बॅटरीकडे वेगळंच काम आलं: इंजिन चालवायचं नाही, फक्त उठवायचं.

कारण इंजिन स्वतःहून उठत नाही. आतला दट्ट्या हवा दाबतो, मग स्फोट होतो, मग तो दट्ट्या पुढची फेरी मारतो. पहिली फेरी बाहेरून कोणीतरी द्यावी लागते. सुरुवातीला ती हाताने, हँडल मारून दिली जाई. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने यावर उपाय काढला. त्याने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी छोटी विजेची मोटर बनवली होती. तिथे त्याला कळलं होतं, की मोटरला दिवसभर राबायचं नसेल, फक्त क्षणभर जोर द्यायचा असेल, तर ती लहान असूनही भरपूर ताकद देऊ शकते. हेच तत्त्व त्याने मोटारीला लावलं आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर आला. मराठी ड्रायव्हर आजही ‘सेल मार’ म्हणतो, तो हाच सेल्फ.

आता एक हिशेब करू. इंजिन उठवायला साधारण २०० अँपिअर करंट, १० व्होल्ट दाबाने, तीन सेकंद लागला असं धरा. गुणाकार केला तर होतात ६,००० ज्यूल, म्हणजे जेमतेम १.७ वॅट-तास. तुमच्या हातातल्या फोनमध्ये ५,००० एमएएचची बॅटरी असेल तर तिच्यात साधारण १८.५ वॅट-तास मावतात. म्हणजे बोटीचं इंजिन उठवायला लागणारी ऊर्जा ही तुमच्या फोनच्या नऊ टक्के बॅटरीएवढी आहे! मग फोनने बोट चालू का होत नाही? कारण फोन ती ऊर्जा तासाभरात सावकाश देऊ शकतो, तीन सेकंदांत नाही. ताकद पलीकडच्या काठावर आहे. निजामाची गोष्ट पुन्हा तीच.

हँडल

गोदावरीवर आगबोटी चालवायचं स्वप्नही एकदा पाहिलं गेलं होतं. धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन यांना आंध्रातून गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांमार्गे वऱ्हाडचा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा होता. वाटेतले खडकाळ अडथळे, खर्च आणि पुढे आलेली रेल्वे यांपुढे ते काम १८७१ मध्ये सोडून द्यावं लागलं. त्या योजनेतही बीडकडचा भाग नव्हता. मराठवाड्यात इंजिन आलं ते नदीवर नाही, विहिरीवर.

सातारच्या कूपर आणि पुण्याच्या किर्लोस्कर कारखान्यांची डिझेल इंजिनं महाराष्ट्राच्या शेतात पोचली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सुरुवातीचं गाजलेलं उत्पादन होतं लोखंडी नांगर. त्याच घराण्याने १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी काढली. बीड तेव्हा निजामाच्या संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो भारतात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. खांबावरची वीज यायच्या आधी आणि ती आल्यावर जायच्या वेळी, मोटेची जागा या इंजिनांनी घेतली.

या इंजिनांना बॅटरी नव्हती. एक जड चाक, एक हँडल आणि डोक्यावर एक छोटी लिव्हर. लिव्हर उचलली की झडप उघडी राहते, हवा दाबली जात नाही आणि चाक हलकं फिरतं. दोन्ही हातांनी हँडल मारत चाकाला वेग द्यायचा आणि वेग आला की लिव्हर खाली सोडायची. चाकात साठलेला जोर दट्ट्याला पहिल्या दाबातून पार नेतो आणि ‘फट् फट्’ सुरू. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, म्हणजे उलटा झटका बसला तर हात सुटेल. हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही. बापाकडून पोराकडे आलंय.

इथे जडशीळ चाक हीच बॅटरी आहे. माणसाने अर्धा मिनिट सावकाश दिलेला जोर ते साठवतं आणि एका क्षणात परत देतं. आणि ते वर्षभर पडून राहिलं तरी उतरत नाही.

नदीचं धरण झालं

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. मागे पसरलेला नाथसागर सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा. त्याचा उजवा कालवा बीड जिल्ह्यात शिरतो आणि सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाला पाणी देतो. माजलगावची साठवण सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात एका पिढीत मोठाले जलाशय तयार झाले.

त्यांनी शेती दिली, शहरांना पाणी दिलं. आणि एक गोष्ट कोणाच्या लक्षात न येता काढून घेतली: बांबू आता तळाला लागेना. जिथे पूर्वी ओढा होता तिथे तीस-चाळीस फूट पाणी आलं. जिथे गाडीवाट होती तिथे फुगवटा आला. रस्ता पाण्याखाली गेल्यावर माणसं जमेल ते साधन वापरू लागली. नाथसागराच्या काठावर, गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुलं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेला जातात, ही बातमी २०२३ मध्ये देशभर गेली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिची दखल घेतली. थर्माकोल म्हणजे आजची सांगडच. फरक इतकाच, की भोपळ्यांची सांगड बांबू लागेल अशा पाण्यासाठी होती.

याच पाण्यात इंजिनाच्या बोटीही आल्या. मासेमारीच्या, पर्यटनाच्या, बचाव पथकांच्या आणि रात्रीच्या अंधारात गोदेची वाळू उपसणाऱ्यासुद्धा. गेवराईच्या काठावर महसूल खात्याने पकडलेल्या वाळूच्या बोटी स्फोटाने उडवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. गंमत अशी, की पाण्यातलं इंजिन रोज चालू ठेवायचा सराव या भागात कोणाला सर्वांत जास्त असेल, तर तो या उपसा करणाऱ्यांना. कारण त्यांची बोट रोज चालते.

न वापरता मरणारी वस्तू

शिसं-आम्लाची बॅटरी वापरून जितकी मरते, तितकीच न वापरता मरते. भरलेल्या बॅटरीत एका पट्टीवर शिसं असतं, दुसरीवर शिशाचं ऑक्साइड. वीज खर्च होते तसं दोन्हींवर शिशाच्या सल्फेटचा बारीक थर चढतो. लगेच चार्ज केलं तर तो विरघळतो. तसंच सोडलं तर त्याचे टणक खडे बनतात आणि मग चार्जरही त्यांना हलवू शकत नाही. आणि बॅटरी नुसती ठेवली तरी आतल्या आत हळूहळू उतरत राहते. जितकी उष्णता जास्त, तितकी लवकर. बीडचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वरचा. पत्र्याच्या शेडमध्ये आणखी जास्त.

बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर शांत अवस्थेत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. बाराच्या खाली गेली की ती धोक्यात आहे. नुसत्या आकड्यांत फरक अर्ध्या-पाऊण व्होल्टचा, पण पाण्यात तो फरक काठावर पोचणं आणि न पोचणं यांच्यातला असतो.

आता बीडचं पाणी कसं येतं ते बघा. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि गोदाकाठ पाण्याखाली गेला. २०१३ मध्ये दुष्काळ इतका, की पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली, कारण लातूरला पाणी देणारं बीड जिल्ह्यातलं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्याच वर्षी, सहा महिन्यांच्या आत, परतीच्या पावसाने ते भरलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात असा पूर आला, की बीडच्या आष्टी तालुक्यात, म्हणजे जिल्ह्याच्या सर्वांत कोरड्या समजल्या जाणाऱ्या भागात, अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं.

म्हणजे इथली बोट तीन-चार वर्षं शेडमध्ये बसते आणि एका रात्री तिला लगेच उठायचं असतं. कोकणातल्या मच्छीमाराची बोट वर्षातले आठ-दहा महिने चालते, तिची बॅटरी इंजिन स्वतःच भरत राहतं. कोरड्या जिल्ह्यात बोटीचा खरा शत्रू पूर नाही, त्याआधीची कोरडी वर्षं आहेत.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात वीजपुरवठ्यालाही लागू होते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारताची ग्रिड कोसळली, साठ कोटींच्या आसपास लोक अंधारात गेले. बंद पडलेलं औष्णिक केंद्र चालू करायलाही पंखे आणि पंप लागतात आणि त्यांना बाहेरून वीज लागते. अशा वेळी आधी जलविद्युत केंद्र उठतं, कारण त्याला फक्त दार उघडून पाणी सोडायचं असतं. मग ते इतरांना उठवतं. आख्ख्या देशालाही कधीकधी शेजाऱ्याची केबल लागते.

आधी नांगर, मग पाना

मग पाण्यात बॅटरी बसली तर करायचं काय? क्रम महत्त्वाचा आहे आणि प्रत्येक पायरीमागे कारण आहे.

पहिलं काम बॅटरीचं नाही. नांगर टाकायचा. इंजिन बंद असलेली बोट प्रवाहाची आणि वाऱ्याची असते. तुम्ही झाकण उघडून बघत असताना ती सांडव्याकडे किंवा पुलाच्या खांबाकडे जात असते. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात हवं. आणि काठावर फोन करायचा तो आत्ताच, फोनमध्ये चार्जिंग आहे तोवर.

दुसरं, खरंच बॅटरी मेलीय का ते बघायचं. गियर न्यूट्रलला आहे का? चालकाच्या मनगटाला बांधायची लाल दोरी स्विचमधून निसटली तर इंजिन चालूच होत नाही. ती जागेवर आहे का? बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमलीय का, नट सैल झालाय का? बऱ्याचदा बॅटरी धडधाकट असते आणि फक्त जोड सुटलेला असतो. टर्मिनल खरवडून, नट आवळून पुन्हा सेल मारला की काम होतं.

तिसरं, दोरी. बोटीच्या मागे लावायच्या अनेक इंजिनांत झाकणाखालच्या चाकाला खाच असते. गाठ मारलेली दोरी तिच्यात अडकवून गुंडाळायची आणि झटक्याने ओढायची. बोटीला मागून लावायचं इंजिन लोकप्रिय करणाऱ्या ओले एव्हिनरूडच्या १९०९ सालच्या यंत्रालाही चाक हातानेच फिरवावं लागे. बचाव पथकांच्या रबरी बोटींवर आजही बहुतेक वेळा दोरीवर चालू होणारी इंजिनं असतात. चालू झाल्यावर चाक उघडं फिरत असतं, म्हणून ओढणी, गमछा, मोकळे केस लांब ठेवायचे.

चौथं, दुसऱ्या बोटीची बॅटरी. दोन्ही बोटी एकमेकींना घट्ट बांधायच्या, मधे टायर अडकवायचे आणि एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून कोणी उभं राहायचं नाही. बारा व्होल्टला बारा, चोवीसला चोवीस. मग इंजिनाचं झाकण उघडून पाचेक मिनिटं वारा खेळू द्यायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. रस्त्यावर ती वाहून जाते, बोटीत मात्र तळाशी वाटीत पाणी साचावं तशी साचून राहते.

आता केबल. लाल मेलेल्या बॅटरीच्या अधिकला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या उणेला आणि शेवटचं टोक बंद इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी पडतेच. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो. ठिणगी त्याच्याजवळ पडू नये म्हणून हे शेवटचं टोक दूर लावायचं. काही मिनिटं थांबून सेल मारायचा. चालू झालं की केबल उलट्या क्रमाने काढायच्या. आणि मग सर्वांत महत्त्वाचं: धक्क्याला लागेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. फोटोसाठीही नाही.

आता वहीएवढ्या आकाराचे लिथियमचे जंप स्टार्टरही मिळतात. वरचा नऊ टक्क्यांचा हिशेब आठवला तर एवढीशी पेटी एवढं काम कसं करते ते कळेल. पण तीही बॅटरीच आहे. कपाटात दोन वर्षं विसरली तर तीही बसते.

शेवटची कधी चालू केली?

२०२२ च्या सप्टेंबरात माजलगाव धरणात बुडालेल्या एका माणसाचा शोध घेताना, कोल्हापूरहून बोलावलेल्या पथकातल्या एका जवानाचाही जीव गेला. त्या घटनेचा बॅटरीशी संबंध नाही. पण एवढ्या मोठ्या पाण्याच्या काठावर असलेल्या जिल्ह्याला शोधासाठी माणसं किती लांबून बोलवावी लागतात, हे त्यातून दिसतं. राक्षसभुवनलाही मदत होती, फक्त पलीकडे होती.

यावरचा उपाय महागडा नाही. शेडमधल्या प्रत्येक बोटीची बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करणं, इंजिन टाकीतल्या पाण्यात दहा मिनिटं चालवणं, बोटीत एक दोरी, एक पाना, एक जोडी केबल आणि दोन वल्ही कायम ठेवणं. विहिरीवरचं इंजिन हँडल मारून उठवणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यात हे शिकवायला फार वेळ लागणार नाही. गावातल्या कॉलेजच्या पोरांना एका रविवारी धरणावर नेलं तरी पुरे.

दर पावसाळ्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी आढावा बैठक होते. किती बोटी आहेत, किती लाइफ जॅकेट आहेत, याचा तक्ता वाचला जातो. त्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा. त्याचं नाव: ‘शेवटची कधी चालू केली?’ तुमच्या गावाच्या नावापुढे त्या रकान्यात काय लिहिलंय, हे ग्रामपंचायतीत जाऊन तुम्हीही विचारू शकता. जून उजाडायच्या आत विचारा.